नागपूरजवळ दुर्मिळ जातीच्या मेंढ्यांचा छोटा कळप सुरू करताना

प्रश्न थोडक्यात असा: काटोल रस्त्याला चार एकर शेत आहे, त्यात दीड एकर संत्र्याचा बगीचा. मे महिन्यात जतच्या बाजूने १२ माडग्याळ मेंढ्या आणि १ मेंढा आणायचा विचार आहे. मेंढ्या बगिच्यात चारायच्या, जात शुद्ध जपायची आणि थोडंफार उत्पन्नही मिळवायचं. काय काळजी घ्यावी?

भाऊ, बेत चांगला आहे, पण त्यातल्या चार गोष्टी बदलाव्या लागतील: बगीचा, जात, महिना आणि नरांची संख्या.

बगिच्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही. मेंढीला तांबं सोसत नाही. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) रोखण्यासाठी आपण पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावतो, झाडावर बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतो. बोर्डोतलं मोरचूद म्हणजे तांबंच. ते खोडावरून ओघळतं, आळ्यातल्या गवतावर बसतं आणि वर्षानुवर्षं मातीत साचत जातं. गाय किंवा शेळी जेवढं तांबं सहज पचवते, तेवढं मेंढीचं यकृत बाहेर न टाकता साठवून ठेवतं. कित्येक महिने मेंढी धडधाकट दिसते. मग प्रवास, उपासमार, गाभणपणाचे शेवटचे दिवस असा एखादा ताण पडतो आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी काळपट लाल होते आणि एक-दोन दिवसांत जनावर जातं. त्या टप्प्यावर उपचार क्वचितच लागू पडतो.

म्हणून ज्या बगिच्यात तांबं वापरलं जातं तिथे मेंढी सोडायची नाही आणि तिथलं कापलेलं गवतही तिच्यापुढे टाकायचं नाही. याच कारणाने गाईचं मिनरल मिक्श्चर, कोंबडीचं किंवा डुकराचं खाद्य मेंढीला देऊ नका. पाकिटावर मेंढीसाठी असं स्पष्ट लिहिलेलं खनिज मिश्रणच घ्या. तुमच्याकडे उरलेले अडीच एकर आहेत. बारा-पंधरा मेंढ्यांना चारा पिकवायला ते पुरतात, फक्त त्यातला काही भाग सोयाबीन-कपाशीतून काढावा लागेल.

आता जात. माडग्याळ ही सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची मेंढी. उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाकाचा बाक पोपटासारखा. तिला भाव चांगला आहे आणि ती दिसायलाही देखणी, म्हणून सगळ्यांना तीच हवी असते. पण जत हा दुष्काळी मुलूख आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हलकी माळरानाची जमीन. नागपूरला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि काळी माती तीन महिने खुरांना चिकटून बसते. तिथली मेंढी इथे जगत नाही असं नाही, पण पहिले दोन पावसाळे तिच्या खुरांची आणि पोटातल्या जंतांची रोज निगा राखावी लागते.

जात जपणं हा खरोखर हेतू असेल तर माझं मत काळ्या दख्खनीकडे झुकतं. घोंगड्या जिच्या लोकरीच्या होतात ती ही मेंढी. लोकरीचा भाव पडला तसा मेंढपाळांनी जास्त वजनासाठी माडग्याळ आणि इतर मोठ्या जातींचे मेंढे कळपात घातले आणि शुद्ध काळे कळप विरळ होत गेले. दख्खनी मेंढी अंगाने लहान, प्रौढ मादी साधारण २५ ते ३० किलोची. पण ती काटक आहे आणि कुटारावरही, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशावरही, टिकते. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुरमार समाजाचे परंपरागत मेंढपाळ आहेत. त्यांची मेंढरं पूर्व विदर्भाच्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली आहेत. सातशे किलोमीटर लांब जाण्याआधी तिकडे एकदा चक्कर मारा. काळ्या, भरड लोकरीच्या, एकसारख्या ठेवणीच्या माद्या ज्या कळपात दिसतील, त्या कळपाचे गेल्या चार-पाच वर्षांतले मेंढे कुठून आले ते विचारा. शुद्धतेबद्दल अंगाच्या रंगापेक्षा या उत्तरातून जास्त कळतं.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं पैदाशीची जनावरं विकतात. आपल्याला जवळची दोन म्हणजे अमरावतीजवळचं पोहरा आणि नागपूर जिल्ह्यातलं बोंद्री. निघण्याआधी फोन करून मेंढ्या उपलब्ध आहेत की फक्त शेळ्या, एवढं विचारून घ्या.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या नारी सुवर्णा मेंढीबद्दलही बरेच जण विचारतात. सुंदरबनातल्या गारोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनीत उतरवून ती घडवली आहे. मांसासाठी कळप करायचा असेल तर उत्तम पर्याय आहे. पण शुद्ध दख्खनी जपायची असेल तर नारी सुवर्णाचा नर आपल्या कळपात नको. दोन्ही हेतू एकाच वाड्यात साधत नाहीत.

मेंढ्या मे महिन्यात आणू नका. ४५ अंशांत ट्रकमध्ये उभी राहिलेली मेंढी इथे पोहोचते ती अशक्त होऊन, आणि महिन्याभरात तिच्यावर पाऊस कोसळतो. जुलै-ऑगस्ट तर त्याहून वाईट. आणायचा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या वेळी जमीन कोरडी असते, कुटार ताजं असतं आणि पावसाळ्यापर्यंत मेंढीला इथल्या पाण्या-चाऱ्याची सवय व्हायला चार-सहा महिने मिळतात. शेवटच्या दोन महिन्यांतल्या गाभण मेंढ्या प्रवासाला घेऊ नका, गाभडतात. पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र आणि कानातला १२ अंकी बिल्ला असल्याशिवाय गाडी भरू नका. गाडीत खाली कुटाराचा जाड थर द्या, संध्याकाळी निघा आणि दर पाच-सहा तासांनी थांबून पाणी पाजा.

आठवडी बाजारातून एकेक मेंढी गोळा करून कळप करू नये. दहा वाड्यांचे रोग एकाच दिवशी तुमच्या गोठ्यात येतात आणि कोणाची आई कोण, हे कधीच कळत नाही. दोन, फार तर तीन कळपांतूनच घ्या.

निवडताना आधी तोंड उघडा. दुधाचे दात म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाच्या आतली, दोन दाती म्हणजे वर्ष-दीड वर्षाची, चार दाती साधारण दोन वर्षांची, सहा दाती तीनच्या जवळपास, जुळलेली म्हणजे साडेतीन-चारच्या पुढची. तुम्हाला दोन दाती आणि चार दाती हव्यात, त्यातही एकदा व्यालेल्या दोन-चार असू द्या. त्या पुढे चालल्या की बाकीच्या मागे येतात, आणि कोकराला पाजण्याची त्यांना सवय असते. मग कास दोन्ही हातांनी चाचपा. आत गाठ लागली किंवा एक बाजू दगडासारखी घट्ट लागली, तर ती मेंढी कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. जबड्याखाली मऊ सूज, शेपटीखाली चिकटलेली पातळ लेंडी, पुढच्या गुडघ्यांवर टेकून चरण्याची सवय, या तिन्ही खुणा नाकारायच्या. पहिल्या दोन जंतांच्या आहेत, तिसरी दुखऱ्या खुरांची. नराचे दोन्ही वृषण सारखे, टणक आणि गाठीविना हवेत. वृषणाच्या खालच्या टोकाला, शेपटासारख्या भागात कडक गोळा लागला तर तो मेंढा नापीक असू शकतो. ब्रुसेला (नापीकपणा आणणारा जिवाणू) तपासणी करूनच नर घ्या.

घरी आणल्यावर ३० दिवस वेगळ्या जागी ठेवा. गावातल्या इतर शेळ्या-मेंढ्यांशी पाण्याच्या टाकीवरही गाठ पडता कामा नये. याच काळात लेंडीचा नमुना तपासून घ्या. सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा फायदा इथल्या माणसाने घ्यायलाच हवा. एखादं जनावर अचानक मेलं तर पुरण्याआधी शवविच्छेदनासाठी तिथे विचारा. उन्हाळ्यात सहा तासांच्या आत शव पोहोचलं तरच काही समजतं, नंतर आतडी फुगून जातात.

वाडा कोरडा ठेवणं हे नागपूरला निम्मं मेंढीपालन आहे. काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात तो खाली बसतो आणि माती वर येते. जागेतली फूटभर काळी माती काढून टाका, खाली दगड-गिट्टी, वर मुरूम ठोकून जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड-दोन फूट उंच करा आणि एका बाजूला उतार द्या. छताखाली एका मादीला १० ते १२ चौरस फूट, नराला ३० ते ३५, आणि त्याच्या दुप्पट मोकळं अंगण. १२ माद्या, २ नर (दोन का, ते पुढे सांगतो) आणि त्यांची कोकरं धरली तर सव्वादोनशे ते अडीचशे चौरस फूट छत लागेल. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे उन्हाळ्याचं ऊन आत कमी येतं. वळचण नऊ फुटांच्या खाली नको. पत्रे घालणार असाल तर उन्हाळ्यात त्यावर पऱ्हाटी-तुऱ्हाटीचा (कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांचा) वीतभर थर टाका. पश्चिमेच्या बाजूला पोत्यांचे पडदे लावून दुपारी ओले करा, मात्र जमीन ओली होऊ देऊ नका. बजेट असेल तर बांबूच्या पट्ट्यांची उंच जमीन करा, दोन पट्ट्यांत दीड ते दोन सेंटिमीटर फट ठेवा. त्यापेक्षा जास्त फट ठेवली तर कोकराचा पाय अडकतो.

पावसाळ्यात खूर कुजतात ते चिखलामुळे. दोन नख्यांमधली कातडी सतत ओली राहून मऊ पडते, जिवाणू आत शिरतात, घाण वास येतो आणि मेंढी लंगडते. खुरं मे अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये कापा. रक्त निघेपर्यंत कापू नका, बाहेरची वळलेली कडा तेवढी सपाट करा. वाड्याच्या दारात सात-आठ फूट लांब, दीड फूट रुंद उथळ हौद बांधा. त्यात १० टक्के झिंक सल्फेटचं द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात १ किलो, दोन इंच खोल भरा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मेंढ्यांना त्यात दहा-पंधरा मिनिटं उभं करा, आणि नंतर अर्धा तास कोरड्या मुरमावर. चिखलाचे पाय घेऊन हौदात घातलं तर औषध कातडीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून आधी साध्या पाण्याने पाय धुऊन घ्या. गावात मोरचुदाचा हौद करायची पद्धत आहे, पण मेंढ्या ते पाणी पितात. वर सांगितलेल्या कारणाने ते टाळा.

दुसरा शत्रू पोटात असतो. जुलै ते ऑक्टोबर या काळात हिमोंकस नावाचा सुतासारखा जंत चौथ्या पोटात बसून रक्त पितो. हगवण लागत नाही, म्हणून लक्षात येत नाही. मेंढी मागे पडू लागते, जबड्याखाली पाणी साचतं, आणि एक दिवस उठत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मेंढीची खालची पापणी अंगठ्याने खाली ओढून आतला रंग उजेडात पाहा. लाल किंवा गडद गुलाबी असेल तर औषध नको, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरट असेल तर त्याच दिवशी जंतनाशक द्या. सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजण्यापेक्षा ही पद्धत फार चांगली, कारण सरसकट औषधाने तग धरणारे जंतच मागे उरतात आणि दोन-तीन वर्षांत तेच औषध निकामी होतं. मात्रा अंदाजाने देऊ नका, वजनकाट्यावर मेंढी तोला. कमी मात्रा दिल्यानेही जंत औषधाला सरावतात. औषध कोणतं, हे लेंडीच्या तपासणीवरून पशुवैद्यकाला ठरवू द्या. एवढं लक्षात ठेवा की गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल द्यायचं नाही, गर्भात व्यंग येऊ शकतं.

सकाळचं दव उडाल्याशिवाय चरायला सोडू नका, कारण ओल्या गवताच्या टोकांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. चराऊ जागेचे चार तुकडे करा आणि पावसाळ्यात एका तुकड्यावर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. जंताच्या अंड्यातून लागण करणारी अळी तयार व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मौदा, रामटेक, पारशिवनीकडे धानाच्या बांध्या आणि पेंचचे कालवे आहेत, तिथे गोगलगायींतून येणारे चपटे जंत असतात. काटोलकडे तो धोका कमी, पण नाल्याकाठचं गवत पावसाळ्यात तुम्हीही टाळा.

चाऱ्याचा हिशेब ऑक्टोबरमध्येच मांडायला हवा. मेंढीला वजनाच्या साडेतीन-चार टक्के सुका अंश लागतो. ३० किलोच्या मेंढीला रोज अडीच-तीन किलो हिरवा चारा आणि ५०० ते ७०० ग्रॅम कुटार पुरतं. फेब्रुवारीनंतर चराई संपते, तिथून पाऊस येईपर्यंत १२० दिवस धरा. १४ जनावरांना ७०० ग्रॅमप्रमाणे जवळपास १२ क्विंटल कुटार लागतं. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार सोयाबीनपेक्षा सरस. सोयाबीनचं घेतलं तर पावसात भिजून काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं नको. हिरव्यासाठी धुऱ्यावर शेवरी आणि सुबाभूळ, पाण्याखाली अर्धा एकर दशरथ घास, थोडं मारवेल. सुबाभळीत मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, म्हणून ती हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नको, नाहीतर लोकर गळते. खुराक एरवी लागत नाही. माजावर आणताना आणि व्यायच्या आधीच्या दीड महिन्यात २०० ते २५० ग्रॅम द्या: मक्याचा भरडा, तूर चुनी आणि थोडी सरकी ढेप. उन्हाळ्यात एका मेंढीला पाच-सहा लिटर सावलीतलं पाणी हवं आणि चराई फक्त सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर.

चारण्याच्या तीन जागा आपल्याकडे दरवर्षी जनावरं मारतात. पाण्याच्या ताणावर असलेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले धुमारे: त्यात सायनाइड तयार होतं, किराळ लागते, काही मिनिटांत मेंढी कोसळते. सोयाबीन कापलेलं वावर: सांडलेले दाणे भरपेट खाल्ले की पोट आंबतं आणि फुगतं, म्हणून पोट भरून आणल्यावरच आणि अर्धा तासच सोडा. वेचणी संपलेली पऱ्हाटी: शेवटची फवारणी कशाची आणि कधी, हे मालकाला सांगता येत नसेल तर आत शिरूच नका.

आता नर. तुमच्या बेतातली सगळ्यात महागाची चूक एकच मेंढा ही आहे, आणि ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळते. १२ माद्यांना फळवायला एक नर पुरेसा आहे, यात वाद नाही. एक तयार मेंढा २५ ते ३० माद्या सांभाळतो. पण पुढच्या पिढीत प्रत्येक कोकरू एकमेकांचं सावत्र भावंड असतं. बाप-लेकीचा संकर झाला तर कोकरात अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण) २५ टक्के, सावत्र भावंडांचा झाला तर साडेबारा. एक नर आणि १२ माद्यांचा बंद कळप धरला तर अंतःप्रजनन पिढीमागे साडेतेरा टक्क्यांनी वाढतं, दोन नर ठेवले तर सात-साडेसात टक्क्यांवर येतं. परिणाम नाट्यमय नसतात. कोकराचं वजन थोडं कमी भरतं, माद्या उशिरा माजावर येतात, पावसाळ्यात जास्त मरतात, जबडा आखूड असलेलं एखादं पिल्लू निघतं. मालक चाऱ्याला आणि हवामानाला दोष देत राहतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एकट्याने सुरू न करणं. तुमच्यासारखे आणखी दोन जण शोधा, कळमेश्वर, उमरेड, कुठेही. तिघांनी मिळून ३६ माद्या आणि ६ नर धरले आणि ते एकच कळप मानून चालवले तर तेच प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत येतं. पद्धत सोपी आहे. तुमच्याकडे जन्मलेला निवडक नर दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा तुमच्याकडे. दिशा कायम तीच, माद्या आपापल्या घरी. दर दोन वर्षांनी फिरवायचे, म्हणजे कोणत्याही नराच्या लेकी माजावर येईपर्यंत तो त्या वाड्यात नसतो. दर चार-पाच वर्षांनी मूळ मुलखातून एक असंबंधित नर आणायचा. आणि कराराचा एक कागद करा: नर आजारी पडला, मेला तर काय, हे आधी लिहिलेलं असावं.

फळवणी १५ जुलैला सुरू करा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, त्यामुळे मेच्या उन्हात तापलेल्या मेंढ्याचं वीर्य जूनमध्ये कमकुवत असतं. मेमध्ये नराला दाट सावली, दुपारी अंगावर ओलं पोतं आणि महिनाभर आधीपासून ३०० ग्रॅम खुराक द्या. माद्यांचे दोन गट करा आणि प्रत्येकात एक नर सोडा. नराच्या छातीला गेरू तेलात कालवून फासा, दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा. तो मादीवर चढला की तिच्या ढुंगणावर खूण उमटते आणि तारीख वहीत जाते. माजाचं चक्र १७ दिवसांचं, म्हणून १८व्या दिवशी गेरू बदलून काजळी वापरा. जिच्यावर काळी खूण आली ती पहिल्यांदा राहिलेली नाही. निम्म्याहून जास्त माद्यांवर काळी खूण दिसली तर दोष नरात आहे, त्याच दिवशी नर बदला. तीन चक्रं, म्हणजे ५१ दिवस झाले की नर बाजूला काढा. गाभणकाळ १४७ ते १५० दिवसांचा, त्यामुळे कोकरं १० डिसेंबर ते जानेवारी अखेर येतात. गावात कुटार आहे, जमीन कोरडी आहे, जंत सुस्त आहेत. अडचण फक्त रात्रीच्या थंडीची. पारा दहाच्या खाली जातो तेव्हा वाऱ्याच्या बाजूला तट्ट्या लावा आणि खाली कोरडं कुटार अंथरा.

व्यायला लागलेल्या मेंढीजवळ गर्दी करू नका. पाण्याची पिशवी फुटल्यावर पाऊण तासात पुढचे दोन पाय आणि नाक दिसलं नाही तर डॉक्टरांना बोलवा. नाळ दोन इंच ठेवून टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. दोन तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे, वजनाच्या किलोमागे ५० मिलि. तीन किलोच्या कोकराला दीडशे मिलि, न चोखल्यास पिळून बाटलीने. त्याच दिवशी वजन, आईचा नंबर, बापाचा नंबर वहीत.

लसी सरकारी दवाखान्यातून घ्या. आंत्रविषार (आतड्यात विष तयार होऊन जनावर दगावणारा रोग) आणि घटसर्प मे-जूनमध्ये पावसाआधी (आंत्रविषाराचा दुसरा डोस दोन आठवड्यांनी), पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथीचा रोग) एकदा दिली की तीन वर्षं चालते, लाळ्या खुरकूत सहा महिन्यांनी, देवीची लस हिवाळ्याच्या तोंडाशी. आंत्रविषार कधीही चुकवू नका, कारण पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर सगळ्यात सुदृढ कोकरंच त्यात जातात.

लोकर वर्षातून दोनदा कातरा, फेब्रुवारी अखेर आणि ऑक्टोबरमध्ये. पावसाळ्याआधी शेपटीभोवतीची लोकर तेवढी काढा, नाहीतर लेंडी चिकटून माशी बसते आणि अळ्या पडतात. वर्षाकाठी एका मेंढीची लोकर अर्धा-पाऊण किलो भरते, उत्पन्न म्हणून ती धरू नका.

रात्री सहा फुटांची जाळी आणि कुलूप हवंच. शहराभोवतीची मोकाट कुत्री एका रात्रीत पाच-सहा मेंढ्या फाडतात. कोंढाळीच्या जंगलाकडे बिबट्याही आहे. त्याने मेंढी मारली तर शव न हलवता ताबडतोब वनविभागाला कळवा, भरपाई पंचनाम्यावर ठरते.

अनुदानावर बेत उभा करू नका. राष्ट्रीय पशुधन अभियानातली उद्योजकता योजना १०० माद्या आणि ५ नरांपासून सुरू होते. राज्याच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढा ७५ टक्के अनुदानावर मिळतो, पण ती भटक्या जमाती-क प्रवर्गातल्यांसाठी आहे.

शेवटी विक्री. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. १२ माद्यांतून पहिल्या वर्षी नऊ-दहा कोकरं हाती लागली तर उत्तम समजा. त्यातले चार-पाच नर असतील. बकरी ईद जवळ आली की गिऱ्हाईक दारात येऊन सगळ्यात मोठ्या, देखण्या नरावर बोट ठेवतं आणि दुप्पट भाव देतं. चांगला नर दरवर्षी असाच जातो, मागे उरतो तो कोणी न घेतलेला, आणि पुढच्या वर्षी बाप तोच होतो. म्हणून नराची निवड तीन महिन्यांच्या आणि सहा महिन्यांच्या वजनांवर, आईची कास आणि पावसाळ्यातली पापणी पाहून, ईदच्या बाजाराआधी पक्की करा. निवडलेल्या दोघांच्या कानात वेगळ्या रंगाचा बिल्ला घाला आणि विक्रीच्या दिवशी त्यांना दुसऱ्या वाड्यात बांधा. उरलेल्यांचा भाव मनासारखा घ्या.